अंडं किती दिवसांचं?

आठवडे बाजारात गावरान अंड्यांची दुरडी घेऊन बसलं की गिऱ्हाईक भाव विचारायच्या आधी विचारतं, "मावशी, ताजी आहेत ना?" आता याला खरं उत्तर काय द्यायचं? घरी चार-पाच कोंबड्या. त्यातली एक खुडूक बसलेली, एकीनं अंडी घालणं थांबवलेलं. रोजची दोन अंडी मिळाली तरी खूप. बाजार आठ दिवसांनी भरतो. तेव्हा डझनभर अंडी जमेपर्यंत तळाचं अंडं आठवड्याचं होणारच. त्यात लबाडी नाही, तो नुसता हिशोब आहे. पण गिऱ्हाइकाचा प्रश्नही चुकीचा नाही, कारण अंडं वरून काही सांगत नाही. भाजी कोमेजते, दूध नासतं, मासा वास मारतो. अंडं पहिल्या दिवशी दिसतं तसंच विसाव्या दिवशीही दिसतं.

अंडं टिकवायचं कसं आणि न फोडता ओळखायचं कसं, हे दोन प्रश्न फार जुने आहेत. देशोदेशींच्या बायकांनी, शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी त्यांची उत्तरं शोधली. काही आपल्या आजीच्या उत्तरांसारखीच आहेत, काही ऐकून हसू येईल अशी. आज आपण त्यांचा इतिहास बघू.

त्याआधी अंड्यात काय घडतं ते समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. अंड्याच्या टरफलाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रं असतात, कारण आत पिल्लू वाढणार असेल तर त्याला हवा लागणार. कोंबडीच्या अंगातून अंडं बाहेर येतं तेव्हा गरम असतं. निवताना आतला ऐवज किंचित आकसतो आणि छिद्रांतून हवा आत शिरते. ती हवा अंड्याच्या जाड टोकाशी, टरफलाच्या आत, एक छोटीशी पोकळी करून बसते. उकडलेलं अंडं सोललं की त्या टोकाला खळगा दिसतो तो हाच. पुढे रोज थोडं पाणी छिद्रांतून उडून जातं आणि पोकळी वाढत जाते. अंडं जितकं जुनं तितकी पोकळी मोठी आणि वजन कमी. अंडं पारखायच्या बहुतेक जुन्या रीती या पोकळीचा अंदाज घेतात आणि टिकवायच्या बहुतेक रीती ती छिद्रं बुजवतात.

कोंबडीनं स्वतःही थोडी सोय केलेली असते. ताज्या अंड्यावर एक पातळ कोरडा लेप असतो. तो छिद्रं झाकतो आणि बाहेरची घाण आत जाऊ देत नाही. म्हणून जुन्या बायका सांगत, अंडं धुऊन ठेवू नये. धुतलं की तो लेप जातो आणि अंडं लवकर बिघडतं. माखलेलं असेल तर कोरड्या फडक्यानं पुसावं आणि धुवायचं ते वापरायच्या वेळी. यावर अजून जगाचं एकमत नाही. युरोपात दुकानातली पहिल्या प्रतीची अंडी धुवायला बंदी आहे. अमेरिकेत धुतात आणि मग विक्रीपर्यंत थंडाव्यात ठेवतात. ज्यांच्याकडे दुकानापर्यंत थंडावा आहे त्यांना धुणं परवडतं. आपल्या दुरडीला ते परवडणारं नाही.

आपल्याकडे काय करत? देशावर ज्वारी-बाजरीच्या कणगीत, कोकणात भाताच्या तुसात किंवा कोंड्यात, आणि सगळीकडेच चुलीच्या चाळलेल्या राखेत अंडी पुरून ठेवत. ज्या घरात चुलीपाशी अंडं चालत नसे तिथं पडवीत नाहीतर माळ्यावर. धान्यात अंडं आपटत नाही, फुटत नाही, आणि दिवसाची ऊन-गार हवा त्याला एकदम लागत नाही. राख कोरडी असते. ती अंड्याला घट्ट वेढते आणि त्याचा वारा तोडते. उन्हाळ्यात ओल्या वाळूत बसवलेलं मडकंही असे. मडक्याभोवतीचं पाणी उडतं आणि आतली हवा गार राहते, आपल्या माठातल्या पाण्यासारखीच.

आता हेच दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये बघा. पहिल्या शतकात कोलुमेला नावाच्या माणसानं शेतीवर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. त्यातला आठवा भाग कोंबड्या-पाखरांचा. तो सांगतो की अंडी हिवाळ्यात भुशात आणि उन्हाळ्यात कोंड्यात ठेवावीत. काही लोक आधी सहा तास वाटलेल्या मिठात झाकून ठेवतात, मग धुऊन भुशात पुरतात. काही जण अख्ख्या किंवा भरडलेल्या पावट्यासारख्या कडधान्यात रचतात. पण त्याचं पुढचं निरीक्षण आम्हांला सगळ्यात मोलाचं वाटतं. मिठानं अंडं कुजत नाही हे खरं, पण ते आतून आटतं, भरलेलं राहत नाही, आणि ते पाहून गिऱ्हाईक मागे फिरतं. म्हणजे त्या काळच्या रोममध्येही घेणारी बाई अंडं हातात घेऊन तोलून बघत होती. हलकं लागलं की परत दुरडीत टाकत होती.

चीनमध्ये याच मिठाचं वेगळं झालं. सहाव्या शतकातल्या तिथल्या शेतीच्या एका ग्रंथात बदकाची अंडी खारवून ठेवायची कृती आहे. पुढे चुना, राख, मीठ आणि चहा यांच्या लगद्यात अंडी मुरवायची रीत आली. त्यात पांढरा भाग काळपट, पारदर्शक होतो आणि बलक हिरवट. तिथं ते आवडीनं खातात. पण ते ताजं अंडं टिकवणं नव्हे. कैरीचं लोणचं घातलं म्हणजे कैरी टिकली असं आपण म्हणत नाही, तसंच ते.

पारखायच्या रीतींसाठी आता आपण इंग्लंडला जाऊ. १७४७ साली लंडनमध्ये स्वयंपाकाचं एक पुस्तक निघालं आणि पुढे शंभर वर्षं खपत राहिलं. लिहिणारी हॅना ग्लास. पण पुस्तकावर तिचं नाव नव्हतं, एका बाईनं लिहिलंय एवढंच छापलं होतं. तिच्या दोन परीक्षा आहेत. पहिली, अंड्याचं जाड टोक जिभेला लावून बघायचं. ऊबदार लागलं तर ताजं, गार लागलं तर वाईट. या परीक्षेवर आमचा अजिबात भरवसा नाही. जाड टोकाला आत हवेची पोकळी असते, त्यामुळे ते निमुळत्या टोकापेक्षा ऊबदारच लागणार. शिवाय कोंबडीच्या विष्ठेतले रोगजंतू टरफलावर असू शकतात, तेव्हा जीभ लावायचं काम नाही. तिची दुसरी परीक्षा मात्र सोन्यासारखी आहे. गार पाण्याच्या भांड्यात अंडं सोडायचं. ताजं असेल तितकं लवकर तळाला जातं, कुजलेलं बुडतच नाही.

ही पाण्याची परीक्षा आपल्याही घरोघर आहे, पण पुष्कळ जणी फक्त बुडलं की तरंगलं एवढंच बघतात. त्यात आणखी वाचण्यासारखं आहे. अगदी ताजं अंडं तळाला आडवं पडतं. काही दिवस गेले की जाड टोक थोडं वर उचललं जातं, कारण पोकळी तिथंच वाढते. आणखी जुनं झालं की अंडं तळाला टेकून उभं राहतं आणि शेवटी तरंगतं. किती दिवसांनी काय होतं हे ठाम सांगता येत नाही. माघातलं अंडं आणि वैशाखातलं अंडं एका वेगानं म्हातारं होत नाही. आणि ही परीक्षा वय सांगते, रोग सांगत नाही. आडवं पडलेल्या ताज्या अंड्यातही जंतू असू शकतात, म्हणून लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांना अंडं पूर्ण शिजवूनच द्यायचं. तरंगलेलं अंडं वेगळ्या वाटीत फोडून बघावं. वास आला तर फेकावं. भाजीच्या पातेल्यावर थेट फोडलं तर एका अंड्यापायी सगळं कालवण जातं.

कानाशी हलवून बघायची रीतही आहे. पोकळी मोठी झाली आणि पांढरं पातळ झालं की आत खुळखुळतं. पण ते ऐकू येईपर्यंत अंडं बरंच जुनं झालेलं असतं. फोडल्यावरची पारख अधिक खरी. ताज्याचं पांढरं घट्ट, बलकाभोवती उंच उभं राहणारं. जुन्याचं पाण्यासारखं ताटभर पसरतं. १९३७ साली अमेरिकेत रेमंड हॉ नावाच्या माणसानं या पांढऱ्याची उंची मोजून अंड्याला गुण द्यायची पद्धत बसवली आणि आजही मोठ्या कंपन्या तीच वापरतात. आपण डोळ्यांनी बघत होतो, त्यानं मोजपट्टी लावली. आणखी एक खूण तर मुलांनासुद्धा माहीत असते. उकडलेलं अंडं नीट सोलत नसेल, टरफलाबरोबर पांढऱ्याचे लचके निघत असतील, तर ते अंडं ताजं.

राहिली उजेडाची परीक्षा. परदेशात अंधाऱ्या खोलीत मेणबत्तीसमोर अंडं धरत, म्हणून त्या कामाला मेणबत्तीचंच नाव पडलं. आपल्याकडे कोंबडी रवणीला बसवलेल्या बाईला हे कुणी शिकवावं लागलं नाही. साधारण सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत, कवाडाच्या फटीतून येणाऱ्या उन्हात किंवा कंदिलासमोर, मुठीच्या नळीत अंडं धरायचं. लाल शिरांचं जाळं दिसलं तर फळलेलं. नितळ दिसलं तर वांझ, ते काढून टाकायचं. बाजारच्या अंड्यासाठीही हीच रीत. जाड टोकाकडची पोकळी किती मोठी, बलक स्थिर की सैल, टरफलाला बारीक तडा आहे का, सगळं दिसतं. आता मोबाइलचा दिवा कंदिलापेक्षा बरा पडतो. पण एक गोष्ट स्पष्टच बोलू. रवणीतून काढलेलं नितळ अंडं आठवडाभर कोंबडीच्या उबेखाली असतं. ते बाजारात न्यायचं नसतं. नेणारे असतात, आणि एका घरच्या अशा अंड्यानं साऱ्या गावच्या दुरड्यांचं नाव जातं.

आता पुन्हा टिकवण्याकडे येऊ. थंड देशांची अडचण आपल्याहून वेगळी होती. तिथं हिवाळ्यात दिवस फार लहान, उजेड कमी, कोंबड्या अंडी घालणं जवळजवळ थांबवत. वसंतात मात्र अंड्यांचा नुसता पूर. म्हणून त्यांना अंडं आठ दिवस नव्हे, आठ महिने टिकवायचं होतं. अठराव्या शतकात फ्रान्सच्या रेओम्यूर या शास्त्रज्ञानं दाखवलं की टरफलाला चरबीचा पातळ हात लावला तरी अंडं पुष्कळ टिकतं. १७९१ साली इंग्लंडात विल्यम जेन यानं चुना आणि मीठ यांच्या पाण्यात अंडी ठेवायच्या कृतीचं पेटंट घेतलं. चुन्याच्या निवळीतलं काम मोठं मजेशीर आहे. अंड्यातून जो वायू बाहेर येतो तो चुन्याला भेटला की त्याची खडू होते आणि ती खडूच छिद्रात बसते. अंडं आपली भोकं आपणच लिंपतं म्हणा ना. नंतर सोडियम सिलिकेटचं घट्टसर पाणी आलं. दोन्ही महायुद्धांच्या काळात इंग्लंडातल्या कितीतरी घरांत कोठीच्या कोपऱ्यात अशा अंड्यांची बरणी असे. ही अंडी उकडायच्या आधी सुईनं टोचावी लागत, कारण छिद्रं बुजलेली, वाफेला वाट नाही, मग अंडं फुटायचं.

चुन्याची रीत आपल्याकडच्या कुक्कुटपालनाच्या पुस्तकांतही शिकवतात. पण कळीचा चुना भिजवताना उकळतो, डोळ्यांत उडाला तर डोळा जातो. थोड्या अंड्यांसाठी घरी हा खटाटोप करू नये असं आमचं मत आहे. त्यापेक्षा तेल बरं. अंडं घातलं त्याच दिवशी, निवल्यावर, कोरडं पुसून खाण्याच्या तेलाचं बोट सगळीकडून फिरवायचं. शेंगदाण्याचं चालतं, खोबरेलही चालतं. चार दिवसांनी तेल लावून उपयोग नाही, जायचं ते तोवर गेलेलं असतं. अंडी जाड टोक वर करून ठेवावीत, म्हणजे पोकळी जागच्या जागी राहते. आणि आपल्या उन्हाळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोंबडा. कळपात कोंबडा असला की अंडी फळतात, आणि उन्हाळ्याच्या उबेत फळलेल्या अंड्यात रवणीशिवायच वाढ सुरू होते. पिल्लं काढायची नसतील तेव्हा कोंबडा वेगळा ठेवला आणि मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ दिले तर पुढची अंडी वांझ निघतात. बाजारासाठी वांझ अंडं चांगलं, जास्त टिकतं.

आता या इतिहासातला आम्हांला सगळ्यात आवडलेला भाग. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या शहरांना बाहेरून अंडी जात, आयर्लंडमधून आणि डेन्मार्कमधून. आयर्लंडमध्ये कोंबड्या बायकांच्या. बाई अंडी घेऊन गावच्या दुकानदाराकडे जाई आणि त्याबदल्यात चहा-साखर आणी. दुकानदार नगावर मोजे. लहान-मोठं, स्वच्छ-माखलेलं, आजचं-महिन्याचं, सगळ्याला एकच भाव. मग ताजं नेण्यात कुणाचा काय फायदा? शरदात भाव चढतो म्हणून लोक अंडी दाबून ठेवत. दुकानदारही ठेवे. ओल्या गवतात बांधून पेट्या समुद्रापलीकडे जात आणि तिकडचे व्यापारी नाक मुरडत. डेन्मार्कच्या अंड्यांचंही नाव आधी असंच खराब होतं.

डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी १८९५ साली सहकारी अंडी निर्यात संघ काढला. गावोगाव त्याची मंडळं झाली. नियम असा की ताजी आणि स्वच्छ अंडीच द्यायची, ठरल्या दिवशी द्यायची, आणि प्रत्येक अंड्यावर मंडळाचा नंबर आणि सभासदाचा नंबर असा शिक्का मारायचा. केंद्रावर उजेडासमोर धरून तपासणी होई. खराब निघालं की नंबर बघून थेट त्या घरी दंड. अंडं लंडनला पोचलं तरी ते कुणाच्या खुराड्यातलं हे सांगता येई. पैसे नगावर नव्हे, वजनावर. थोड्या वर्षांत डेन्मार्कच्या अंड्याला इंग्लंडात चढा भाव मिळू लागला. आयर्लंडमध्येही १८९४ साली होरेस प्लंकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहकाराची संस्था काढली होती. तिनं पुढे अंड्यांच्या सहकारी सोसायट्या उभारल्या. अखेर १९२४ साली तिथं कायदाच झाला, की परदेशी जाणारं अंडं तपासून आणि प्रत लावूनच पेटीत भरायचं.

या शिक्क्याकडे आम्ही वेगळ्या नजरेनं बघतो. तोपर्यंत जगातल्या सगळ्या युक्त्या, राख काय, मीठ काय, चुना काय, अंड्याचं वय लपवायलाही कामी येत होत्या. शिक्का मारल्यावर वय लपवण्यात फायदा उरला नाही. आपल्या देशातही १९३७ साली शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा झाला, ज्याचं अॅगमार्क आपण मसाल्यांच्या पाकिटावर बघतो. त्या कायद्याच्या पहिल्या यादीत अंडी होती. पण तो शिक्का आठवडे बाजाराच्या दुरडीपर्यंत काही आला नाही.

आणि आता दुरडीची गरज जास्तच आहे. मोठ्या पोल्ट्रीची पांढरी अंडी ट्रे भरभरून गावातही येतात, स्वस्त पडतात. गावरान अंड्याला गिऱ्हाईक चार पैसे जास्त देतं ते नुसत्या भरवशावर. त्याच भरवशावर डल्ला मारायला चहाच्या पाण्यात रंगवलेली पांढरी अंडी गावरान म्हणून विकणारेही निघाले आहेत. त्यात श्रावण आला की आपल्याकडे अंडी खपत नाहीत, घरात साठतात. श्रावण संपल्यावर सगळ्यांच्या दुरड्या एकदम भरून बाजारात येतात, आणि त्या आठवड्यात गिऱ्हाइकाला जुनं अंडं मिळायची भीती सगळ्यात जास्त.

डेन्मार्कचं सगळंच उचलावं असं नाही. वजनावर विकलं तर आपलं गावरान अंडं लहान, पोल्ट्रीच्या अंड्यापुढे हरेल. नग बरा. पण नंबर आणि तारीख घेता येईल. शाईचा पेन नको, शिसपेन्सिलनं टरफलावर हलक्या हातानं दोन आकडे लिहायचे, एक बाईचा नंबर आणि एक अंडं घातल्याचा दिवस. अंडी रोज संध्याकाळी गोळा करायची, तडा गेलेली त्याच दिवशी घरी खायची. बाजारच्या आदल्या दिवशी गटातल्या एकीच्या घरी सगळ्या दुरड्या आणायच्या आणि दिव्यासमोर धरून बघायच्या. पाण्यात सगळी बुडवू नका, लेप जाईल. शंका आली तेवढ्यांनाच पाणी दाखवा, आणि ती विकू नका. श्रावणात साठणारी अंडी घातल्या दिवशीच तेल लावून वेगळी ठेवा आणि ती तेलाची आहेत असं सांगून थोड्या कमी भावानं द्या.

एक प्रश्न उरतो आणि तो आम्ही गटांवर सोडतो. गिऱ्हाइकानं खराब अंडं परत आणलं तर बदलून द्यावं, याला बहुतेक जणी हो म्हणतील. पण त्या अंड्याचे पैसे नंबर बघून त्या बाईच्या हिशोबातून कापायचे, की गटाच्या पेटीतून भरायचे? डेन्मार्कनं पहिला मार्ग धरला. ज्या घरी दोनच कोंबड्या आहेत तिला तो जड जाईल. तुमच्या बैठकीत काय ठरतं ते केंद्राला कळवा, पुढच्या महिन्यात वाचून दाखवू.